घटक ४ : संशोधन-भित्तिपत्रकाची रचना आणि सादरीकरण

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला –

• शोधनिबंध आणि संशोधन-भित्तिपत्रक (पोस्टर) यांतील भेद सांगता येईल.
• आपल्या संशोधनातील एक मध्यवर्ती विधान निवडून ते भित्तिपत्रकाच्या शीर्षकात मांडता येईल.
• पुरावा आणि मर्यादा यांची भित्तिपत्रकावर योग्य मांडणी करता येईल.
• देवनागरी मजकुराच्या छपाईत घ्यावयाची काळजी लक्षात येईल.
• भित्तिपत्रकाशेजारी उभे राहून आपले संशोधन थोडक्यात समजावून देता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण संशोधन-अहवालाच्या लेखनाचा विचार केला. अहवालाचा वाचक बसून वाचतो. त्याला पान मागे उलटता येते, तळटीप पाहता येते आणि कंटाळा आला तर उद्या पुन्हा वाचता येते. भित्तिपत्रकाचा वाचक मात्र उभा असतो. त्याच्या दोन्ही बाजूंना आणखी पन्नास भित्तिपत्रके टांगलेली असतात, मागून कोणी तरी पुढे सरकत असते आणि चहाची वेळ जवळ आलेली असते. अशा वाचकाला काही क्षण थांबवणे, त्याला एक गोष्ट पटवून देणे आणि ती गोष्ट त्याच्या ध्यानात राहील असे करणे हे भित्तिपत्रकाचे काम आहे.

विज्ञान-परिषदांमध्ये ही पद्धत १९७० च्या सुमारास रुळू लागली. निबंधांची संख्या वाढली, प्रत्येकाला व्यासपीठावर वेळ देणे अशक्य झाले आणि एकाच दालनात अनेकांनी एकाच वेळी आपले काम मांडावे असा मार्ग निघाला. आता ही पद्धत विज्ञानापुरती राहिलेली नाही. महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या 'आविष्कार' या संशोधन-महोत्सवात मानव्यविद्या, भाषा आणि ललितकला यांचा स्वतंत्र गट असतो आणि त्यातही भित्तिपत्रकाद्वारे संशोधन मांडावे लागते. म्हणजे मराठीच्या विद्यार्थ्यालाही हे तंत्र टाळता येणार नाही.

तंत्र शिकताना एक धोका मात्र प्रारंभीच लक्षात घ्यायला हवा. संशोधन थोडक्यात सांगताना शब्द कमी होतात, तसे अर्थही निसटू शकतात. 'काही भाषकांच्या बोलण्यात आढळले' याचे 'लोक असेच बोलतात' कधी होते, हे लिहिणाऱ्यालाही कळत नाही. म्हणून या घटकात आपण तीन शब्द सतत बरोबर ठेवणार आहोत : विधान, पुरावा आणि मर्यादा.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ भित्तिपत्रक म्हणजे काय आणि काय नव्हे

बारा पानी निबंधाची पाने मोठ्या कागदावर ओळीने चिकटवली, तर भित्तिपत्रक तयार होत नाही. तो केवळ टांगलेला निबंध होतो. गावाच्या चौकातला वाढदिवसाचा फ्लेक्सही इथे आदर्श ठरत नाही. त्या फ्लेक्सवर कोणाचाही चेहरा गळू नये, हीच अपेक्षा असते. त्यामुळे चाळीस चेहरे मावतात आणि एकही नीट दिसत नाही. संशोधन-भित्तिपत्रकाची गरज नेमकी उलटी आहे. काय गाळायचे हे ठरवता येणे, हीच त्याची पहिली कसोटी आहे.

संकल्पना, पूर्वाभ्यास, गृहीतके, पद्धती, निष्कर्ष, शिफारशी असे अहवालातील सर्व विभाग भित्तिपत्रकावर यायलाच हवेत असा समज आढळतो. तो सोडून द्यावा. पूर्वाभ्यासाला दोन वाक्ये पुरेशी असतात. सर्व मिळून मजकूर साधारणतः तीनशे ते चारशे शब्दांचा असावा. ज्याला अधिक हवे, त्याच्यासाठी संपूर्ण अहवालाची प्रत शेजारी ठेवावी.

४.३.२ एक भित्तिपत्रक, एक विधान

पुढील सर्व विवेचनासाठी आपण समाजभाषाविज्ञानातील एक प्रसिद्ध संशोधन उदाहरण म्हणून घेऊ. अमेरिकन भाषावैज्ञानिक विल्यम लबॉव्ह यांनी १९६२ मध्ये न्यूयॉर्क शहरातील तीन मोठ्या दुकानांत एक पाहणी केली. ही पाहणी १९६६ मध्ये त्यांच्या ग्रंथात प्रसिद्ध झाली. सॅक्स हे उच्चभ्रूंचे दुकान, मेसीज हे मध्यम वर्गाचे आणि एस. क्लाइन हे स्वस्त मालाचे. न्यूयॉर्कच्या इंग्रजीत स्वरानंतरचा 'र' काही जण उच्चारतात, काही उच्चारत नाहीत. हा 'र' समाजातील प्रतिष्ठेशी जोडलेला आहे का, असा प्रश्न होता.

लबॉव्ह यांची युक्ती साधी होती. चौथ्या मजल्यावर कोणत्या वस्तू मिळतात हे आधी पाहून ठेवायचे आणि दुकानातील कर्मचाऱ्याला त्या वस्तूंचा विभाग कुठे आहे असे विचारायचे. उत्तर अर्थातच 'फोर्थ फ्लोर' असे येई. मग नीट ऐकू न आल्यासारखे पुन्हा विचारायचे; कर्मचारी तेच उत्तर अधिक ठासून देई. दोन शब्द, प्रत्येक शब्दात एक 'र' आणि दोन वेळा उत्तर, म्हणजे एका व्यक्तीकडून 'र' च्या चार संधी. दृष्टीआड जाऊन लगेच नोंद करायची. अशा २६४ कर्मचाऱ्यांच्या नोंदी जमल्या. चारपैकी निदान एकदा तरी 'र' उच्चारणाऱ्यांचे प्रमाण सॅक्समध्ये ६२ टक्के, मेसीजमध्ये ५१ टक्के आणि क्लाइनमध्ये सुमारे २० टक्के निघाले.

आता समजा, या संशोधनाचे भित्तिपत्रक तुम्हाला करायचे आहे. सांगण्यासारखे पुष्कळ आहे : न्यूयॉर्कच्या इंग्रजीचा इतिहास, मजल्यामजल्यांतील फरक, वय, ठासून बोलताना होणारा बदल. हे सर्व एकाच कागदावर आणले, तर वाचक यांतले काहीच घेऊन जाणार नाही. म्हणून स्वतःला एक प्रश्न विचारावा : माझे भित्तिपत्रक पाहून गेलेल्या माणसाने संध्याकाळी घरी एकच वाक्य सांगायचे ठरवले, तर ते कोणते असावे? ते वाक्य कागदावर लिहून काढल्याशिवाय संगणक उघडू नये. या वाक्याला मदत करणारा मजकूर ठेवावा. बाकीचा कितीही कष्टाने मिळवलेला असला, तरी अहवालासाठी राखून ठेवावा.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न – १

१. भित्तिपत्रकाच्या वाचकाची स्थिती अहवालाच्या वाचकापेक्षा कशी वेगळी असते?
२. लबॉव्ह यांच्या पाहणीत एका व्यक्तीकडून 'र' च्या किती संधी मिळत होत्या?

४.३.३ शीर्षक : विषय नव्हे, विधान

पुढील दोन शीर्षकांची तुलना करा.

(अ) न्यूयॉर्क शहरातील इंग्रजीतील 'र' या ध्वनीचा समाजभाषावैज्ञानिक अभ्यास
(आ) न्यूयॉर्कची तीन दुकाने : दुकान जितके प्रतिष्ठित, तितका कर्मचाऱ्यांच्या बोलण्यात 'र' अधिक

पहिले शीर्षक विषय सांगते. ग्रंथालयाच्या सूचीत ते शोभेल. दुसरे शीर्षक काय आढळले ते सांगते. ज्याने पुढचे काहीच वाचले नाही, त्यालाही निष्कर्ष कळला. मानसशास्त्राचे संशोधक-विद्यार्थी माइक मॉरिसन यांनी २०१९ मध्ये हाच विचार टोकाला नेऊन एक नमुना सुचवला : भित्तिपत्रकाच्या मध्यभागी मोठ्या अक्षरांत, साध्या भाषेत केवळ मुख्य निष्कर्ष, बाकीचा तपशील बाजूच्या पट्ट्यांत आणि पूर्ण लेखासाठी क्यूआर कोड. हा नमुना जसाच्या तसा घ्यावा असे नाही; स्पर्धेत विभाग ठरवून दिलेले असतील, तर ते पाळावेच लागतात. पण मुख्य निष्कर्ष दुरून वाचता आला पाहिजे, हे त्यातले तत्त्व सर्वत्र लागू पडते.

विधानात्मक शीर्षक लिहिताना शब्द तोलून घ्यावे लागतात. (आ) मध्ये 'कर्मचाऱ्यांच्या' हा शब्द गाळून पाहा. 'न्यूयॉर्कचे श्रीमंत लोक 'र' उच्चारतात' असे अधिक सुटसुटीत शीर्षक सुचेल, पण ते चुकीचे ठरेल. लबॉव्ह यांनी श्रीमंत गिऱ्हाइकांचे बोलणे नोंदवलेच नव्हते. सॅक्समधील कर्मचारी स्वतः श्रीमंत नव्हते. ज्या गिऱ्हाइकांशी त्यांचा रोज संबंध येई, त्यांची प्रतिष्ठा त्यांच्या बोलण्यात उतरली, असा लबॉव्ह यांचा अर्थ होता. एका शब्दाच्या काटकसरीत संशोधनाचा गाभाच हरवला असता. म्हणून शीर्षक तयार झाले, की ते आपल्या नोंदवहीशी ताडून पाहावे. नोंदवहीत नाही ते शीर्षकात येता कामा नये.

४.३.४ पुराव्याची मांडणी

विधानाखाली लगेच पुरावा यावा. आपल्या उदाहरणात तो तीन आकड्यांचा आहे. त्यासाठी तीन उभे स्तंभ पुरेसे आहेत. वर्तुळाकार आलेख इथे चालणार नाही, कारण तो एकाच पूर्णाचे भाग दाखवतो आणि ही तीन वेगवेगळी दुकाने आहेत. स्तंभांची मोजपट्टी शून्यापासून सुरू करावी. ती चाळीसपासून सुरू केली, तर ६२ आणि ५१ यांमधील फरक डोळ्यांना दुप्पट वाटतो आणि २० चा स्तंभ मुळी काढताच येत नाही. आकडा स्तंभाच्या माथ्यावरच लिहावा, म्हणजे वाचकाला रंगसूचीकडे ये-जा करावी लागत नाही. लाल आणि हिरवा यांच्या भेदावर अर्थ टांगू नये. अनेकांना हे दोन रंग वेगळे दिसत नाहीत.

'आम्ही साहित्याचे विद्यार्थी, आमच्याकडे आकडे कुठले?' अशी शंका तुमच्या मनात येईल. पुरावा नेहमीच आकड्यांत असतो असे नाही. ज्ञानेश्वरीच्या राजवाडे प्रतीतील आणि अन्य प्रतींतील पाठभेद हा तुमचा विषय असेल, तर एकाच ओवीचे दोन पाठ समोरासमोर ठेवून बदललेला शब्द ठळक करणे हाच पुरावा. एखाद्या नियतकालिकाच्या वाटचालीसाठी कालपट चालेल, बोलीच्या अभ्यासासाठी नकाशा चालेल. वाचकाला पुरावा स्वतःच्या डोळ्यांनी तपासता यावा, एवढेच पाहायचे.

संपूर्ण भित्तिपत्रकाचा आराखडा पुढीलप्रमाणे ठेवता येईल.

१. माथ्यावर : विधानात्मक शीर्षक; त्याखाली संशोधकाचे, मार्गदर्शकाचे व संस्थेचे नाव
२. डावीकडे : संशोधनाचा प्रश्न (दोन-तीन वाक्ये) आणि पद्धती (शक्य तर रेखाचित्रासह)
३. मध्यभागी : मुख्य पुरावा, सर्वांत मोठी जागा याला
४. उजवीकडे : अर्थ आणि मर्यादा
५. तळाशी : ऋणनिर्देश, निवडक संदर्भ, पूर्ण अहवाल कोठे मिळेल ती माहिती

एकूण पृष्ठभागापैकी बराच भाग मोकळा राहू द्यावा. मोकळी जागा वाया गेलेली नसते. दोन विभाग वेगळे आहेत हे ती चौकटीपेक्षा शांतपणे सांगते.

४.३.५ मर्यादांना स्थान

मर्यादा लिहिल्याने आपले काम कमी प्रतीचे वाटेल, या भीतीने विद्यार्थी त्या गाळतात किंवा कोपऱ्यात बारीक अक्षरांत लपवतात. जाणकार वाचक नेमके तेच शोधत असतो. आपल्या उदाहरणात मर्यादा अशा लिहिता येतील : 'ही निरीक्षणे तीन दुकानांतील २६४ कर्मचाऱ्यांच्या दोन शब्दांपुरती आहेत. ध्वनिमुद्रण केलेले नाही. निरीक्षकाने ऐकून लगेच नोंद केली. व्यक्तींचे वय अंदाजाने ठरवले आहे.' या वाक्यांनी विधान दुबळे होत नाही. ते कुठवर खरे आहे ते कळते, आणि तेवढ्या सीमेत ते अधिक भक्कम होते. म्हणून मर्यादांचा अक्षराकार बाकीच्या मजकुराएवढाच ठेवावा.

४.३.६ देवनागरी मजकूर : आकार, टंक आणि छपाई

भित्तिपत्रकासाठी बहुधा ए-० (८४१ × ११८९ मिलिमीटर) किंवा ए-१ (५९४ × ८४१ मिलिमीटर) हे आकार सांगितले जातात. ए-० कागदावर मुख्य मजकूर ३२ पॉइंटपेक्षा लहान नसावा आणि शीर्षक १०० पॉइंटच्या आसपास असावे. हे अंदाजे आकडे आहेत, कारण एकाच पॉइंटमध्ये वेगवेगळ्या टंकांची अक्षरे लहानमोठी दिसतात. देवनागरीत वर मात्रा आणि खाली उकार यांना जागा द्यावी लागत असल्याने मूळ अक्षर रोमनपेक्षा अनेकदा लहान दिसते. खात्री करण्याचा सोपा उपाय आहे. ए-० ची रुंदी ए-४ च्या चौपट असते. म्हणून संपूर्ण भित्तिपत्रक ए-४ कागदावर छापावे आणि हातात चाळीस सेंटिमीटरवर धरून वाचावे. जे इथे वाचता येते, ते प्रत्यक्षात सुमारे दीड मीटरवरून वाचता येईल. जे येत नाही, त्याचे शब्द कमी करून आकार वाढवावा.

रोमन लिपीसाठी सांगितलेले काही नियम देवनागरीला लागू होत नाहीत. आपल्याकडे मोठ्या लिपीतील अक्षरे नाहीत. तिरपी अक्षरे डोळ्यांना खटकतात. अधोरेखा उकारांना आणि जोडाक्षरांच्या पायाला छेदते. अक्षरांमधील अंतर वाढवले, तर शिरोरेषा तुटते. म्हणून भर द्यायचा तो आकार आणि ठळकपणा यांनीच. ओळींमधील अंतर दीडपट ठेवावे, नाही तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडतो. फार जाड टंकात जोडाक्षरांच्या पोकळ्या बुजतात. 'मुक्त' किंवा 'शोभिका' यांसारखे युनिकोड टंक विनामूल्य मिळतात. एका भित्तिपत्रकावर दोनपेक्षा अधिक टंक वापरू नयेत.

छपाईच्या दुकानात संगणक बदलला, की मजकूर बिघडण्याची शक्यता असते. जुन्या, युनिकोडपूर्व टंकांत लिहिलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर निरर्थक रोमन चिन्हांत उमटतो. चित्रकामाच्या काही प्रणालींत जोडाक्षरे फुटतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते. भाषेच्या विद्यार्थ्याला हे परवडणारे नाही. 'दर्या' आणि 'दऱ्या', 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' या जोड्या पाहा. केवळ 'र' चे रूप बदलले, की समुद्राचा डोंगरदऱ्यांशी आणि गुरुजनांचा स्वयंपाक्यांशी घोटाळा होतो. म्हणून टंक अंतर्भूत केलेली पीडीएफ प्रतच छपाईला द्यावी, आणि अंतिम छपाईपूर्वी 'दऱ्या', 'सूक्ष्म', 'आर्द्र', 'राष्ट्र', 'ज्ञान', 'किल्ल्यांत' असे शब्द छापील नमुन्यावर तपासावेत. पडद्यावर तपासणे पुरेसे नाही.

४.३.७ भाषकांविषयीची जबाबदारी

बोलीच्या अभ्यासकाने इथे थोडे थांबावे. अहवाल मोजके लोक वाचतात. भित्तिपत्रक मात्र सार्वजनिक ठिकाणी टांगले जाते आणि त्याचे छायाचित्र क्षणात मोबाइलवरून पसरते. ज्यांच्या बोलण्याचा तुम्ही अभ्यास केला, त्यांच्या गावचा विद्यार्थी त्याच दालनात असू शकतो.

उदाहरणार्थ, प्रमाण मराठीतील 'डोळा' हा शब्द वऱ्हाडात व खानदेशातील काही बोलींत 'डोया', आगरीत 'डोला' आणि झाडीबोलीत 'डोरा' असा ऐकू येतो. भित्तिपत्रकावर याला 'अशुद्ध उच्चार' असा मथळा दिला, तर ते शास्त्रीय विधान राहत नाही. तो हजारो माणसांच्या घरच्या भाषेवर मोठ्या अक्षरांत मारलेला शिक्का होतो. 'ळ च्या जागी येणारे ध्वनी' हा मथळा तीच माहिती देतो आणि कोणाला खाली पाहायला लावत नाही. भाषाविज्ञानाच्या दृष्टीनेही तोच अचूक आहे, कारण हे उच्चार स्वैर नसून त्या त्या बोलीत नियमाने येतात.

लबॉव्ह यांनी ज्यांचे उच्चार टिपले, त्यांना आपण एका पाहणीत आहोत याची कल्पना नव्हती. त्यांची नावे नोंदवली नव्हती आणि आवाज मुद्रित केले नव्हते, तरी आज अशा नोंदींबाबत अधिक काळजी अपेक्षित असते. तुम्ही मुलाखती घेत असाल, तर संमती घ्यावी. भित्तिपत्रकावर भाषकाचे नाव वा छायाचित्र छापायचे असेल, तर त्यासाठी वेगळी संमती घ्यावी. आजीने अंगणात गप्पा मारायला होकार दिला, म्हणजे सभागृहात टांगले जायला होकार दिला असे होत नाही.

४.३.८ भित्तिपत्रकाशेजारी उभे राहताना

भित्तिपत्रक वाचून दाखवू नये. वाचकाला वाचता येते. एका बाजूला उभे राहावे, म्हणजे मजकूर झाकला जाणार नाही. पाहुणा वाचत असेल, तर त्याला अर्धे मिनिट शांततेत वाचू द्यावे आणि त्याने मान वर केली, की बोलावे. दोन मिनिटांचे निवेदन आधी तयार ठेवावे : प्रश्न काय होता, तो का महत्त्वाचा, काय केले, काय आढळले, कुठवर खरे आहे. आलेखाकडे बोट दाखवून बोलल्याने ऐकणाऱ्याची नजर योग्य जागी जाते.

प्रश्न आल्यावर उत्तर ठाऊक नसेल, तर 'हे मी तपासलेले नाही' असे स्पष्ट सांगावे आणि प्रश्न वहीत टिपून घ्यावा. पुढच्या संशोधनाचे विषय अनेकदा याच वहीतून मिळतात. आणि हेही लक्षात असू द्या : तुम्ही जेवायला गेलात, तरी भित्तिपत्रक तिथेच असते. त्या वेळी तुमच्या वतीने बोलणारे कोणी नसते. म्हणून तुम्ही तोंडी सांगणार असलेली सर्वांत महत्त्वाची सूचना कागदावरही असली पाहिजे.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न – २

१. तीन दुकानांच्या तुलनेसाठी वर्तुळाकार आलेख का योग्य नाही?
२. देवनागरी मजकुरात अक्षरांमधील अंतर वाढवल्यास काय होते?
३. 'अशुद्ध उच्चार' या मथळ्याऐवजी कोणता मथळा सुचवला आहे? का?

४.४ सारांश

संशोधन-भित्तिपत्रक उभ्या वाचकासाठी असते आणि त्याने एकच विधान नीट पोहोचवायचे असते. शीर्षकाने निष्कर्ष सांगावा, पण नोंदवहीत आहे तेवढाच. पुरावा वाचकाला तपासता येईल असा मध्यभागी असावा. मर्यादा वाचता येतील एवढ्या अक्षरांत लिहाव्यात. देवनागरीची घडण लक्षात घेऊन आकार, अंतर व टंक निवडावेत आणि छापील नमुना तपासावा. ज्यांच्या भाषेवर आपले संशोधन उभे आहे, त्यांना भित्तिपत्रकासमोर ताठ मानेने उभे राहता यावे, याची काळजी संशोधकानेच घ्यावयाची असते.

४.५ स्वयंअध्ययनासाठीच्या प्रश्नांची उत्तरे

प्रश्न – १ : (१) तो उभा असतो, त्याच्याकडे वेळ कमी असतो आणि आसपास इतर भित्तिपत्रके असतात. (२) चार.

प्रश्न – २ : (१) वर्तुळाकार आलेख एकाच पूर्णाचे भाग दाखवतो, ही तीन स्वतंत्र दुकाने आहेत. (२) शिरोरेषा तुटते. (३) 'ळ च्या जागी येणारे ध्वनी'. तो मथळा मूल्यनिर्णय न देता वस्तुस्थिती सांगतो.

४.६ सरावासाठी प्रश्न

१. 'मर्यादा लिहिल्याने विधान दुबळे होत नाही' हे विधान उदाहरणासह स्पष्ट करा.
२. तुम्ही वाचलेल्या कोणत्याही एका शोधनिबंधाच्या शीर्षकाचे विधानात्मक शीर्षकात रूपांतर करा. त्यात अर्थाची अतिव्याप्ती होते का, ते तपासा.

४.७ क्षेत्रीय कार्य

आपल्या घरातील अथवा परिसरातील तीन पिढ्यांतील व्यक्तींना, त्यांची संमती घेऊन, 'ळ' असलेल्या दहा वस्तूंची चित्रे दाखवा आणि उच्चार नोंदवा. नंतर त्यांच्याशी मोकळ्या गप्पा मारताना तेच शब्द कसे येतात ते ऐका. चित्र पाहून दिलेले उत्तर आणि गप्पांतील उच्चार यांत फरक आढळतो का? जे आढळेल ते एका वाक्यात लिहा, त्या वाक्याची मर्यादा दुसऱ्या वाक्यात लिहा आणि या दोन वाक्यांभोवती ए-४ कागदावर भित्तिपत्रकाचा कच्चा आराखडा तयार करा. तो आराखडा आपल्या अभ्यासकेंद्रावरील समंत्रकांना दाखवण्यापूर्वी, ज्यांच्या बोलण्यावर तो आधारला आहे त्या व्यक्तींना दाखवा.